चालण्यापुरतं गोल्फ

पनवेलच्या डॉक्टरनं माझ्या नवऱ्याच्या छातीत स्प्रिंग बसवली आणि घरी सोडताना मला बाजूला घेतलं. म्हणाला, "आजी, यांना रोज चालवा. बसून राहिले तर पुन्हा इथंच यावं लागेल, आणि पुढच्या वेळेचं मी काही सांगू शकत नाही." माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढं कळायला चौथी पुष्कळ होते. म्हातारा चालला तर राहील, बसला तर जाईल.

शहरातल्या माणसाला वाटेल, यात अवघड काय? उठावं आणि चालावं. त्यानं आमच्या गावात येऊन चालून दाखवावं. आमचं गाव चौक गावापासून आत, डोंगराच्या अंगाला. तिथं माणूस कुठंतरी जात असतो नाहीतर कुठून तरी येत असतो. हातात काही नाही, जायचं कुठं नाही आणि तरी चालतोय, असा माणूस दिसला की लोक हातातलं काम टाकून उठतात.

पहिल्या दिवशी म्हातारा घरातून निघाला तो शेजारच्या ओट्यापर्यंत पोचला.

"काय हरवलं काय, काका?"

"नाय रं. चालतोय."

"ते दिसतंय. पन कुठं?"

"कुठंच नाय."

"घरात काय झालं काय? काकी बोलली काय? या, बसा आधी. चाय टाक गं."

असं प्रत्येक ओट्यावर. दुपारी घरी आला तेव्हा पोटात चहा डुचमळत होता, खिशात कोणीतरी दिलेली खारी होती, आणि माझं त्याच्याशी जमत नाही ही बातमी गावच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, गावातून नको, शेताकडं जा. तर उजाडता उजाडता शेताकडं निघालेला म्हातारा बघून ग्रामपंचायतीच्या शिपायानं शिट्टी मारली. घरात संडास असताना उघड्यावर चाललाय असं त्याला वाटलं. म्हातारा त्याला सांगतोय मी चालायला आलोय, आणि शिपाई म्हणतोय, "सगळे हेच सांगतात, काका." त्या दिवशी गाव हसलं आणि तिसऱ्या दिवशी म्हातारा खाटेवरून उठला नाही.

"मी काय येडा हाय, रिकामा फिरायला?"

"मग मरा," मी म्हटलं.

"मरीन. पन इज्जतीत मरीन."

दोन दिवस त्यानं खाट सोडली नाही. मग त्यानंच विषय काढला. "एकच चालनं मला जमंल. गोल्फचं."

हे कुठून आलं ते सांगायला हवं. म्हाताऱ्यानं सगळी नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यातल्या मोठ्या साहेबाची गाडी चालवण्यात काढली. साहेबाला दर रविवारी गोल्फ लागायचं आणि एवढ्या पहाटे त्याच्याबरोबर खेळायला कोणी उठायचं नाही. म्हणून तो ड्रायव्हरला काठी द्यायचा. साहेबाची कंबर गेली तेव्हा साहेब मुलाकडं परदेशात गेला आणि जाताना काठ्यांची आणि चेंडूंची पिशवी माझ्या नवऱ्याच्या गळ्यात घालून गेला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक पांढरा टणक चेंडू काठीनं लांब मारायचा. तो पडला तिथपर्यंत चालत जायचं. तिथून पुन्हा मारायचा. असं करत करत तो एका खड्ड्यात पडला की झालं. हातात घेऊन नेऊन टाकला असता तर न्याहारीआधी काम उरकलं असतं, पण तसं चालत नाही म्हणे.

ती पिशवी इतकी वर्षं माळ्यावर होती. काठ्या मात्र मी वाया घालवल्या नव्हत्या. एकीनं आम्ही चिंचा पाडायचो. एक मागच्या दाराला अडसर होती. एकीचं टोक लोखंडी आणि चपटं होतं, तिनं चुलीतले निखारे छान ओढता यायचे. म्हाताऱ्यानं ती निखाऱ्याची काठी बघितली आणि छातीवर हात ठेवला. मला वाटलं, गेली स्प्रिंग.

"ही पटर हाय, चेंडू खड्ड्यात ढकलायची," तो म्हणाला. "हिला काय केलंस गं तू?"

"कामाला लावली."

आता प्रश्न आला मैदानाचा. जवळ पाहिजे, परवडलं पाहिजे आणि आमच्यासारख्यांना आत सोडलं पाहिजे. बदलापूरच्या मुलीला फोन केला. ती आधी खूप हसली, मग रडली, मग तिनं मोबाइलवर शोधून कळंबच्या बाजूचा एक रिसॉर्ट सांगितला.

आम्ही सहा आसनी रिक्षात काठ्या आडव्या घालून कळंबला गेलो. शेजारचा माणूस विचारत होता, हे मिरच्यांना आधार द्यायचं काय नवीन निघालंय का. रिसॉर्टात एका पोरीनं आम्हाला मागं नेलं. तिथं अंगणाएवढ्या जागेत हिरवी सतरंजी अंथरली होती. तिच्यावर प्लॅस्टिकची पवनचक्की, प्लॅस्टिकचा हत्ती. हत्तीच्या पायांतून चेंडू घालवायचा. कोणाच्या तरी वाढदिवसाला आलेली पोरं डोक्यावर कागदी टोप्या घालून रांगेत उभी होती. म्हातारा त्यांच्या मागं रांगेत उभा राहिला, नंबर आला तसा चेंडू हत्तीच्या पायांतून घालवला आणि माझ्याकडं वळला.

"चालनं झालं काय?" मी विचारलं.

"कुठलं? पाय पन हलवावा लागला नाय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला केक मिळाला. तो मी खाल्ला, त्याला दिला नाही.

दुसरं मैदान मोठं होतं, एक्सप्रेसवेच्या पलीकडं, खालापूरहून रिक्षानं जायचं. फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, मेंबर आहात का. मी म्हटलं नाही. मेंबर व्हायला काय पडतं ते त्यानं सांगितलं.

"भाऊ, आमाला ते इकत नको," मी म्हटलं. "नुसतं खेळायचं हाय."

तो आम्हाला हाकलणार एवढ्यात आतून टाय लावलेला एक जण धावत आला. दोन म्हातारी माणसं, धोतर, नऊवारी, तोंडं उन्हानं रापलेली. त्याला वाटलं आम्ही शेजारची जमीन विकायला आलोय. त्यानं आम्हाला "बाबा, आई" म्हणत खुर्च्या दिल्या. जमीन किती, रस्त्याला लागून आहे का, सातबारा कोणाच्या नावावर, हे तो विचारत होता. म्हातारा विचारत होता, पहिल्या खड्ड्यापासून दुसऱ्या खड्ड्यापर्यंत लांबी किती. दोघंही एकमेकांच्या उत्तरावर खूश होते.

मग त्यानं आम्हाला बॅटरीच्या गाडीत बसवून मैदान दाखवलं. मैदान चांगलं होतं, खोटं बोलणार नाही. पण खेळणारे सगळे गाडीत. गाडीतून उतरायचे, चेंडू मारायचे, पुन्हा गाडीत बसायचे.

"चालतं कोन हितं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कोणालाही चालावं लागत नाही, बाबा. तीच तर आपली सोय आहे."

म्हाताऱ्याचं तोंड असं झालं, जसं काही देवळात कोणी बिडी पेटवली.

हिरवळीवर डोक्याला फडकी बांधलेल्या बायका बसून गवत खुरपत होत्या. त्यांतली एक आमच्या वरच्या वाडीतली. गाडीतून जाताना तिनं मला बघितलं आणि खुरपं धरून उभीच राहिली.

"काय गं म्हातारे, तुला गाडीतनं आनतात कामाला?"

"कामाला नाय गं. खेळायला आलोय."

"अगं बया," ती बाजूच्या बाईला म्हणाली, "हिचं पन डोकं गेलं. त्याचं गेलं ते ऐकलं होतं."

टायवाल्याला जेव्हा कळलं की आम्हाला काही विकायचं नाही, तेव्हा गाडी आम्हाला फाटकापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात सोडून गेली. तेवढं चालणं झालं. त्या महिन्यातलं तेवढंच.

घरी येऊन म्हातारा पुन्हा खाटेवर. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून झालं होतं. मी दारात उभी होते. समोर शेतं पसरली होती, नुसती खुंटं उरलेली. आमच्याकडं भात कापून घरात आलं की शेतं कोणाची राहत नाहीत. गुरं मोकाट सोडतात. ती कोणाच्याही बांधावरून कोणाच्याही शेतात जातात आणि त्यावरून कोणी भांडत नाही. गुरांना चालतं तर म्हाताऱ्याला का नाही चालणार?

"उठा," मी म्हटलं. "पिशवी घ्या."

शेतात गोल्फ चांगलं होतं. चेंडू मारला की खुंटांत दिसेनासा व्हायचा, मग शोधायला चालणं. बांध आला की चढणं. पहिल्या आठवड्यात एकच अडचण आली ती खेकड्यांची. बांधाला खेकड्यांची बिळं असतात आणि चेंडूला नेमकी तीच आवडतात. वाडीतली ती खुरपंवाली खेकडे धरायला यायची. बिळात खांद्यापर्यंत हात घालायची आणि कधी खेकडा काढायची, कधी चेंडू.

"तुजा म्हातारा अंडी घालतो काय गं शेतात?"

"घालू दे. चालतोय ना?"

पण म्हाताऱ्याला बीळ नको होतं. त्याला खरा खड्डा पाहिजे होता, आणि खड्ड्याभोवती गुळगुळीत जमीन. आता गुळगुळीत जमीन मला काय सांगता? खळं म्हणजे तेच. जमीन भिजवायची, चोपायची, शेणानं सारवायची, पुन्हा चोपायची. भाताचा दाणा निसटला तर कडेपर्यंत घरंगळत जाईल इतकी ती गुळगुळीत होते. आणि खळ्याच्या मधोमध खड्डा आयता असतो, मेढीचा. मळणीला बैल ज्या खांबाभोवती फिरवतात तो खांब म्हणजे मेढ. हल्ली झोडणी मशीनवर होते, खळं कोणी करत नाही. आमचं जुनं खळं गवताखाली पडून होतं.

पडून राहायला दुसरंही कारण होतं. ते खळं माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं. वाटण्या झाल्या तेव्हा खालापूरहून मोजणीवाले आले आणि त्यांनी हद्द आखली ती बरोबर खळ्याच्या मधून, मेढीवरून. अर्धं खळं आमचं, अर्धं त्यांचं. मेढ मात्र अर्धी होत नाही. खैराची होती, सासऱ्यांनी रोवलेली. एक दिवस दिरानं ती उपटली आणि आपल्या गोठ्याला लावली. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. एका खांबासाठी. मी आणि जाऊ बोलतो, आम्हाला कामं असतात.

मी आमचं अर्धं खळं खरवडलं, चोपलं, सारवलं. म्हाताऱ्यानं निखाऱ्याची काठी घासून आणली आणि चेंडू ढकलला. चेंडू सरळ गेला, मेढीच्या खड्ड्याच्या काठावरून फिरला आणि पलीकडं गेला. दिराच्या अर्ध्यात.

दीर बांधावरच बसलेला होता. तो उठला, चेंडू उचलला, खिशात टाकला.

"वयनी," तो मला म्हणाला, "त्याला सांगा, माज्या हद्दीत आला तो माजा."

"त्याला सांग," माझा नवराही मलाच म्हणाला, "तो चेंडू हाय, खैराचा खांब नाय घरी न्यायला."

"तुमाला दोघांना ऐकायला येतं," मी म्हटलं, "मी मधी कशाला?"

दुसऱ्या दिवशी दिरानं हद्दीवर काटेरी कुपाटी घातली. मेढीचा खड्डा तेवढा उघडा ठेवला, कारण त्यातून कुपाटी कशी न्यायची हे त्यालाही सुचेना. आता शेतातून मारलेला चेंडू कुपाटीवरून पलीकडं गेला की म्हाताऱ्याला पार खाली ओढ्यापर्यंत जाऊन वळसा घालून यावं लागायचं. मला वाटलं, आता खेळ बुडाला. पण म्हातारा वळसे घालायला लागला. पोचायच्या आत दीर चेंडू उचलायचा हे ठाऊक असूनही. आधी डुलत जायचा, मग झपाझप, मग जवळजवळ धावत. डॉक्टरनं सांगितलेलं चालणं दिराच्या कुपाटीनं दुप्पट झालं. मी मनात म्हटलं, अजून थोडी वाढवा, भावजी.

मग चेंडू संपले. सगळे दिराकडं. म्हातारा खाटेवर आडवा झाला आणि त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

"जाऊन मागा," मी म्हटलं.

"मेलो तरी मागनार नाय."

हे त्याचं बोलणं खरं होतं, तीच तर पंचाईत. दोन-तीन दिवस बघितलं. जिना चढल्यासारखा श्वास त्याला बसल्या जागी लागायला लागला. चौथ्या दिवशी मी दिराच्या घरी गेले. ओटीवर दीर, आत जाऊ. चेंडू एका परडीत ठेवले होते आणि त्यांच्यावर त्यांची कोंबडी बसली होती.

"भावजी, चेंडू द्या."

"त्यानं येऊन मागावं."

"तो येनार नाय. तो मरंल. मग तुमाला सुतक येईल, बारा दिवस कामं बंद, आनि मेढ कोनाची ते भांडायला पुढं कोनी उरनार नाय. चालंल?"

आतून जाऊ म्हणाली, "देऊन टाका वो. ती कोंबडी पन खुळी झाली. खरी अंडी सोडून त्याच्यावर बसतीया."

"मी देनार नाय," दीर म्हणाला. "कुनाला काय द्यायचं नसतं मला. त्यानं हिकडं मारला, मी तिकडं मारीन."

"मग मारा की. कोन नको म्हनतंय?"

त्यानं आंब्याची एक वाकडी फांदी तोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्याच्या त्यांच्या बाजूला तो उभा आणि आमच्या बाजूला म्हातारा. दीर चेंडू मारायचा, तो आमच्या शेतात. म्हातारा मारायचा, तो त्यांच्या शेतात. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दुपारपर्यंत दिराला कळलं की कुपाटीमुळं त्यालाही ओढ्यापर्यंत जावं लागतंय. संध्याकाळी त्यानं स्वतःच ती काढली.

मग जावेनं त्यांचं अर्धं खळं सारवलं. तिचा हात पहिल्यापासून जड. शेण थापते, सारवत नाही. आमच्या अर्ध्यावर चेंडू घरंगळतो आणि तिच्या अर्ध्यावर येऊन बसतो. दिरानं टीव्हीवर बघितलं होतं की खड्ड्यात झेंडा असतो, म्हणून त्यानं बांबू रोवला आणि त्याला जावेच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. मेढ परत आणली नाही. गोठ्याचं छप्पर तिच्यावर आहे म्हणाला. आणि रोज संध्याकाळी हिशेब माझ्याकडं.

"वयनी, त्याला सांगा, आज मी जिंकलो."

"त्याला सांग, गवतात पायानं ढकलला तो धरत नसतात."

पनवेलच्या डॉक्टरनं मशीनवर छाती बघितली. म्हणाला, छान, चालतात वाटतं. मी म्हटलं, चालत नाहीत, भावाच्या मागं लागतात. तो म्हणाला, काहीही करू द्या, थांबू देऊ नका.

थांबू देऊ नका म्हणणं सोपं आहे. जूनमध्ये नांगर आला, मग लावणी झाली. शेतात भात उभं आणि खळ्यावर गुडघाभर पाणी. दोन दिवस म्हातारा खाटेवर, दीर ओटीवर. तिसऱ्या दिवशी मी जावेच्या परडीतले सगळे चेंडू गुपचूप उचलले आणि आमच्या कणगीत, भातात हातभर खोल पुरले. म्हाताऱ्याला वाटलं दिरानं लपवले. दिराला वाटलं म्हाताऱ्यानं. जावेला मी सांगून ठेवलं होतं. ती ओटीवर येऊन मोठ्यानं म्हणाली, "रस्त्याच्या कडंला मोरीपाशी एक पांढरा चेंडू बघितला बाई मी. पोरांनी नेले असतील."

तेव्हापासून दोघे भाऊ रोज सकाळी रस्त्यानं निघतात. एक डाव्या कडेनं, एक उजव्या. डोक्यावर पावसाचं इरलं, हातात काठी, नजर गवतात. पार हायवेपर्यंत जातात आणि परत येतात. ओट्यावरची माणसं विचारतात, "काय हरवलं काय, काका?" आणि दोन्हीकडून एकदम उत्तर येतं, "चेंडू!"

मग त्यांना कोणी चहाला बोलावत नाही. काही शोधणाऱ्या माणसाला कामात समजतात.

अधूनमधून मी कणगीत हात घालून एखादा चेंडू काढते आणि कधी डाव्या, कधी उजव्या कडेच्या गवतात टाकून येते. नाहीतर आशा धरून माणूस किती दिवस शोधील? सापडला की ज्याला सापडला तो मान ताठ करून येतो आणि मला सांगतो, त्याला सांग. रात्री मी तो परत कणगीत टाकते. कणगी अजून अर्धी भरलेली आहे. भात खाली जाईल तसे चेंडू वर येतील, तोवर नवीन भात कापायला येईल आणि शेतं पुन्हा मोकळी होतील.